केळीबाग कुणी पाडली? वावधन, वावटळ, टोर्नेडो आणि त्या वेळी थांबायची जागा

सातपुडा_पायथा (रावेर)

मंडळी, मे लागला. दुपारी पारा पंचेचाळिसाला टेकतो, चारनंतर ढग चढतात आणि एखाद्या संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटांत कापणीला आलेली केळी आडवी होते. दरवर्षी अशा वावधनानंतर, म्हणजे वादळी वाऱ्यानंतर, गावोगावच्या ग्रुपवर धुळीच्या भोवऱ्याचा एखादा व्हिडिओ फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'आपल्या भागात टोर्नेडो'. मग काही जण घाबरतात. काही जण म्हणतात, ते अमेरिकेतलं संकट, आपल्याकडे नुसता वारा असतो, त्याला काय भ्यायचं.

धागा दोन कामांसाठी काढतोय. टोर्नेडो नेमका कसा तयार होतो आणि आपल्या बागा पाडणारा वारा तोच की दुसरा, हे जाणकारांनी सांगावं. आणि वारा अंगावर आला तेव्हा शेतात, शेडमध्ये, मांडवात, रस्त्यावर असलेल्या माणसाने काय करावं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहावं. माझं मत आधीच मांडतो. आपल्याकडे माणूस वाऱ्याने क्वचित जातो. जातो तो पत्रा, दगड, झाड, भिंत आणि तार यांनी. वाऱ्याला नाव काहीही द्या, तयारी या पाच गोष्टींची करायला हवी आणि ती आजच करता येते.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

चांगला विषय काढला दादा. माझा प्रश्न साधा आहे. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानात वावटळ उठते, पालापाचोळा गरगरत ताडाएवढा वर जातो. ती वाढत गेली तर तिचाच टोर्नेडो होतो का? पोरं विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही.

ढगवाचक (मूळ धुळे, सध्या पुणे)

हवामानशास्त्र शिकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

गिरणाकाठ भाऊ, नाही होत. वावटळीला ढगच लागत नाही. तापलेल्या रानावरची हवा उसळून वर जाते, आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते आणि तिला थोडा जरी पीळ असला तरी गरगर सुरू होते. निरभ्र आकाश, भर दुपार, काही मिनिटांचं काम. डोळ्यांत माती जाते, वाळत घातलेले कपडे जातात, सैल झालेला एखादा पत्रा उचकटतो. पण तिला बळ मिळतं ते फक्त तापलेल्या जमिनीकडून, त्यामुळे ती लवकर विरते.

टोर्नेडोला गडगडाटी ढग लागतो आणि तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. जमिनीलगत उबदार, दमट हवा हवी. तिच्यावर कोरडी, थंड हवा हवी, म्हणजे खालची हवा एकदा उठली की सुसाट वर जाते. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर सगळं अडतं: उंचीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलली पाहिजे. समजा खाली दक्षिणेकडून मंद वारा आहे आणि पाच-सहा किलोमीटरवर पश्चिमेकडून जोराचा. मग मधल्या थरातली हवा जमिनीला समांतर, आडवी गोल फिरायला लागते. हे डोळ्यांना दिसत नाही. ढगात वर जाणारा झोत या आडव्या फिरत्या हवेला उचलून उभी करतो, आणि आता ढगाचा काही किलोमीटर रुंदीचा गाभाच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात.

इथपर्यंत येऊनही बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न होता विरतात. पुढची पायरी जमिनीजवळ घडते. ढगाच्या मागच्या अंगाने पावसाने गार झालेली हवा खाली उतरते आणि फिरत्या गाभ्याला वळसा घालते. जमिनीलगतची फिरती हवा वर जाणाऱ्या झोताखाली ओढली जाते, वर ताणली जाते, ताणताना बारीक होते, आणि जितकी बारीक तितकी वेगाने फिरते. ढगाच्या तळातून सोंड उतरताना दिसते ती याच वेळी. सोंड अर्ध्यावरच थांबलेली दिसली आणि तिच्या बरोबर खाली धूळ फिरत असेल, तरी तो टोर्नेडोच, कारण मधली हवाही फिरतच असते, तिथे फक्त ओलावा दिसत नाही. काही ढगांत ही पायरी पूर्ण होते आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या ढगांत का होत नाही, हे शास्त्रज्ञांना अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

त्याची ताकद ईएफ श्रेणीत सांगतात, ० ते ५. ईएफ ० म्हणजे ताशी साधारण १०५ ते १३७ किलोमीटर, ईएफ ५ म्हणजे ३२२ च्या वर. ही श्रेणी वारा मोजून देत नाहीत. तज्ज्ञ नंतर जागेवर जातात, घरं, खांब, झाडं अशा २८ प्रकारच्या खुणांची पडझड बघतात आणि त्यावरून वेगाचा अंदाज काढतात.

सातपुडा_पायथा

मग भारतात होतात का? आणि आपल्याकडे?

ढगवाचक

भारतात होतात. जगातला सगळ्यात जीवघेणा टोर्नेडो मानतात तो आपल्या शेजारी झाला, बांगलादेशात, माणिकगंज जिल्ह्यात, २६ एप्रिल १९८९ रोजी. सुमारे १,३०० माणसं गेली. मार्च १९९८ मध्ये पश्चिम बंगाल आणि ओडिशाच्या सीमेवर झालेल्या टोर्नेडोत शंभराहून जास्त माणसं गेली. २४ मार्च २०२३ ला पंजाबात फाजिल्का जिल्ह्यातल्या एका गावात घरं पडली आणि किन्नूच्या बागा मोडल्या. त्याचे व्हिडिओ बघा, ढगापासून जमिनीपर्यंतची सोंड स्पष्ट दिसते.

बंगालच्या बाजूला ते जास्त का? कारण मार्च-एप्रिलमध्ये खाली उपसागराची दमट हवा आणि तिच्यावर छोटा नागपूर पठाराकडून येणारी कोरडी हवा, शिवाय वर पश्चिमेचे जोरदार वारे. तिन्ही गोष्टी एका जागी येतात.

खानदेशात मे महिन्यात खालची हवा रखरखीत असते, त्यामुळे ढगाचा तळ फार उंच राहतो. वरचे जोराचे पश्चिमी वारे तोवर उत्तरेकडे सरकलेले असतात. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी लंगड्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र ते वारे आपल्या डोक्यावर असू शकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली महाराष्ट्रातली गारपीट आठवत असेल सगळ्यांना. त्या दिवसांत जोरदार, काही वेळा फिरणारे ढग होऊ शकतात. म्हणून टोर्नेडो 'अशक्य' असं मी म्हणणार नाही. पण मे-जूनमध्ये केळी पाडतो तो बहुतेक वेळा वेगळा वारा.

कापूस_आणि_मी (शिरपूर)

वेगळा म्हणजे कोणता? आमच्याकडे चार थेंब पाऊस पडला आणि गोठ्याचं छप्पर रस्त्याच्या पलीकडे. एवढासा पाऊस आणि एवढा वारा कसा?

ढगवाचक

ताई/दादा, त्या चार थेंबांमध्येच उत्तर आहे. ढगातून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्ध्या वाटेवर वाळतो. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेतं, हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली येते. अंगणात उंचावरून बादली उपडी केली की पाणी जसं चहूकडे पसरतं, तशी ती जमिनीवर आपटून पसरते. याला डाउनबर्स्ट म्हणतात. वेग ताशी १५० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो, म्हणजे दुबळ्या टोर्नेडोइतका. हवा जितकी कोरडी तितका पाऊस जास्त वाळतो आणि झोत जड होतो. उन्हाळ्यातला खानदेश त्यासाठी अगदी जुळलेला.

आणि एक हिशेब लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा सहन करणारं शेड ८० ला टिकेल, असं धरून चालू नका.

पसरणाऱ्या गार हवेची पुढची कड म्हणजे आपल्याला दिसणारी धुळीची भिंत. ती पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते. तिच्या कडेला छोटे भोवरे उठतात, जमिनीवर फिरतात आणि विरतात. वरच्या ढगाशी त्यांचा संबंध नसतो. ग्रुपवर फिरणारे बरेच व्हिडिओ या भोवऱ्यांचे असतात.

या वाऱ्याचा शोध कसा लागला तेही सांगतो, कारण त्याचा तुमच्या बागेशी थेट संबंध आहे. तेत्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ. १९४५ मध्ये नागासाकीवर बॉम्ब पडल्यावर ते तिथे पाहणीला गेले होते. कोणती वस्तू कुठल्या दिशेला पडली, भाजली, यावरून स्फोट किती उंचीवर झाला हे त्यांनी शोधलं. पुढे ते शिकागोला गेले. टोर्नेडोची श्रेणी त्यांनीच १९७१ मध्ये मांडली, आजची ईएफ श्रेणी तिचीच सुधारलेली आवृत्ती. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत एका दिवसाच्या आत १४८ टोर्नेडो झाले. त्यांची पडझड विमानातून बघताना एका जंगलात त्यांना झाडं एका मध्यापासून चहूकडे पडलेली दिसली, नागासाकीत पाहिली होती तशी. टोर्नेडोत असं होत नाही. वरून काहीतरी खाली आपटलं असलं पाहिजे, हे त्यांनी ताडलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं, शंभरावर माणसं गेली, आणि त्यामागे हाच झोत असल्याचं त्यांनी मांडलं. सुरुवातीला अनेकांनी मानलं नाही. नंतर रडारने त्यांचं म्हणणं सिद्ध केलं. आज वैमानिकांना या झोतातून कसं सुटायचं याचं प्रशिक्षण मिळतं. पडलेल्या झाडांच्या दिशा नीट बघणाऱ्या एका माणसामुळे हे झालं.

सातपुडा_पायथा

हे वाचून बरं वाटलं, कारण आमच्या बागांतही मी तेच बघत आलोय. पडलेली केळीबाग बघून वारा कसा ओळखायचा, ते लिहितो.

आधी एक सावधगिरी. केळीचं खोड लाकडाचं नसतं, पानांचे देठ एकात एक गुंडाळून ते झालेलं असतं. मुळं उथळ. वर वीस-पंचवीस किलोचा घड लटकलेला. त्यामुळे केळी फार कमी वाऱ्याला पडते. बाग सपाट झाली यावरून वारा प्रचंड होता असं म्हणता येत नाही. शेजारचा निंब, बांधावरचा बाभूळ, विजेचा खांब, पॅकिंग शेड, यांचं काय झालं ते आधी बघायचं. निंब जागेवर शाबूत आणि केळी आडवी, तर वारा मध्यम. निंबाची जाड फांदी पिळवटून तुटली आणि खांब वाकला, तर गोष्ट वेगळी.

मग दिशा. निसवलेलं, म्हणजे घड बाहेर पडलेलं, झाड बऱ्याचदा घडाच्या बाजूलाच कलतं, त्यामुळे ते फसवतं. म्हणून न निसवलेली झाडं बघायची, त्यांना भार नसतो, ती वाऱ्याच्या दिशेनेच पडतात. मोबाइलचं होकायंत्र काढा, बांधावरून चालत थोड्या-थोड्या अंतरावर शेंडा कुठे पडलाय ते वहीत टिपा. सगळे शेंडे एकाच दिशेला किंवा पंख्यासारखे उलगडत गेलेले असतील, तर वरून आलेला सरळ वारा. अरुंद पट्टा असेल, पट्ट्याबाहेर दहा-वीस मीटरवर झाडं उभी असतील आणि आत दोन्ही बाजूंची झाडं मध्याकडे वळून एकमेकांवर आडवी-तिडवी पडलेली असतील, तर फिरता वारा. असा पट्टा शेतामागून शेतं पार करत लांब गेलेला दिसला, तर मात्र हवामान खात्याला फोटोंसह कळवण्यासारखी गोष्ट आहे.

खोड मधोमध मोडलंय की मुळासकट उपटलंय, तेही लिहून ठेवा. आदल्या दिवशी पाणी दिलेल्या वाफ्यात उपटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर त्या दिवशी ठिबक मोजकंच ठेवावं, असं माझं मत झालंय. पश्चिमेच्या बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ आणि निसवल्याबरोबर पट्टीने एकमेकांना बांधलेली झाडं, या दोन गोष्टींना पर्याय नाही. पट्टीचा खर्च वाचवणाऱ्याचं नुकसान मी जवळून पाहिलंय.

यावलचा_पाहुणा (ओक्लाहोमा, अमेरिका)

मंडळी, नोकरीमुळे टोर्नेडोच्या गल्लीतच राहतो. इथे मोठा वारा हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. दर शनिवारी दुपारी १२ वाजता शहरातल्या भोंग्यांची चाचणी होते. वादळी हवा जमू शकते असा दिवस असेल तर काही तास आधी सावधतेची सूचना येते, आणि टोर्नेडो रडारवर किंवा डोळ्यांनी दिसला की 'आत्ता लपा' असा इशारा येतो. त्या दुसऱ्या इशाऱ्यानंतर हातात सरासरी १५ मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून लपायची जागा आधीच ठरलेली असते आणि घरातल्या लहान पोरालाही ती माहीत असते.

जागा निवडायचा नियम एकच आहे: जितकं खाली जाता येईल तितकं खाली, जितकं घराच्या मध्यात तितकं मध्यात, आणि तुमच्यात अन् वाऱ्यात जितक्या भिंती घालता येतील तितक्या घाला. तळघर असेल तर उत्तम. नसेल तर तळमजल्यावरची आतली छोटी खोली, बाथरूम, जिन्याखालची जागा. छोट्या खोलीच्या भिंती जवळजवळ असल्याने ती जास्त टिकते. खिडकीपासून लांब, गुडघ्यात डोकं, वरून गादी किंवा जाड गोधडी. बऱ्याच घरांत तिथे सायकलचं हेल्मेट आणि बूट ठेवलेले असतात, कारण जखमा मुख्यतः डोक्याला होतात आणि नंतर काचा-खिळ्यांवरून चालावं लागतं.

दोन जुन्या समजुती इथेही लोकांचा जीव घेत होत्या. एक, घरातला आणि बाहेरचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडायच्या. चुकीचं आहे. उघड्या खिडकीतून वारा आत घुसतो आणि छप्पर आतून वर ढकलतो. दुसरी, रस्त्यावर असाल तर पुलाखाली थांबायचं. १९९१ मध्ये कॅन्ससमध्ये काही माणसं पुलाखाली वाचल्याचा व्हिडिओ टीव्हीवर गाजला आणि लोकांनी तेच धरलं. ३ मे १९९९ च्या टोर्नेडोत ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेल्यांपैकी तिघे गेले. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी जोर धरतो आणि उडणारा राडारोडा थेट तिथे येतो.

२० मे २०१३ ला मूर शहरात ईएफ ५ आला. २४ माणसं गेली, त्यात एका प्राथमिक शाळेतली ७ मुलं. इथली शाळा-शाळांमधली पक्क्या आसऱ्याच्या खोल्यांची मागणी त्यानंतर फार वाढली. हे लिहितानाही जीव कासावीस होतो.

बोरीकाठची_ताई (अमळनेर)

मुलांचं वाचलं आणि राहवलं नाही. शिक्षिका आहे. आपल्या कितीतरी वर्गखोल्या आजही पत्र्याच्या आहेत. मार्चपासून शाळा सकाळची असते, वारे संध्याकाळचे, म्हणून निभावतं. पण जूनच्या मध्यात शाळा उघडतात आणि तेव्हा वावधनाचे दिवस संपलेले नसतात. प्रत्येक शाळेने स्लॅबची एक खोली ठरवून ठेवावी आणि पत्र्याच्या वर्गातली मुलं तिथे किती वेळात पोचतात ते एकदा करून बघावं. याला पैसा लागत नाही.

आणि दुसरं, माझ्या मनाला जास्त लागणारं. शेतात झोपडी घालून राहणारी सालदाराची कुटुंबं. पावरा, भिल्ल, बारेला कुटुंबं सातपुड्यातून येतात, बागेच्या कडेला ताडपत्री आणि पाल्याच्या झोपडीत राहतात, लेकरं तिथेच. वाऱ्याच्या वेळी मालक गावात पक्क्या घरात असतो आणि ती माणसं निंबाखाली. ज्यांची शेती आहे त्यांना हात जोडून विनंती आहे, त्या कुटुंबाला आजच सांगा की ढग चढला की कुठे जायचं. शेजारच्या मळ्यातलं स्लॅबचं घर असो, गावातली शाळा असो, त्याची किल्ली कुणाकडे आहे ते सांगा. मोबाइल नंबर द्या. इशारा आला की त्यांना फोन करा, मग बागेचा विचार करा.

आबा_पांझरा (साक्री)

ताई, तुमी बराबर बोल्यात. आमना गावमा घरना पत्रा उडी ग्यात तवय माणूस वारानी नै, पत्रावरला दगडनी जखमी व्हयना. पन दगडं नै ठेवात ते पत्रा ऱ्हातीन का? गरीब माणूस काय करी?

वेल्डर_पारोळा

आबा, रामराम. तुमचा प्रश्न रास्त आहे, माझं रोजचंच काम ते.

दगड पत्रा धरत नाही, फक्त दाबतो. वारा पत्र्यावरून जाताना त्याला वर ओढतो आणि उघड्या दारातून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही मिळाले की पत्रा उठतो आणि दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. पत्रा धरायचा तर तो खालच्या लोखंडाला किंवा लाकडाला बांधला गेला पाहिजे. पाइपला जे-बोल्ट (हुकासारखा वाकवलेला बोल्ट), वर रबरी वायसर, आणि बोल्ट पन्हाळीच्या उंचवट्यावर, खळग्यात नाही. सगळीकडे सारखे बोल्ट मारायची गरज नसते. वारा पत्रा उचलतो तो कडेने, कोपऱ्यांतून आणि आढ्याजवळून. तिथे दाट मारा, मध्ये थोडे विरळ चालतात. भिंतीबाहेर लोंबणारा पत्रा कमी ठेवा, वारा त्यालाच खालून पकडतो. आणि पाइप भिंतीत नुसता टेकवलेला नको, भिंतीत पट्टी गाडून त्याला वेल्ड करा, नाहीतर पत्रा पाइपासकट जातो.

ज्याला हे परवडत नाही त्याने पत्र्यावरून जाड तार किंवा नायलॉनचा दोर आडवा टाकावा आणि दोन्ही टोकं जमिनीत खोल गाडलेल्या मेखांना ताणून बांधावीत. दगड मात्र उतरवा. आणि वारा सुटला असताना पत्रा धरायला कुणीही वर चढू नका. अशा वेळी लोक चढतात आणि त्यात हातपाय गमावतात.

आबा_पांझरा

दोरनी गोट पटनी. करसू.

लाइनवर (भुसावळ)

वीज खात्यात काम केलंय, म्हणून तारेबद्दल लिहितो. वारा थांबल्यावरचा अर्धा तास मला वाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. बाग बघायला माणसं धावत निघतात, अंधार, चिखल, आणि पडलेल्या केळीखाली तार. लाइट गेलेली आहे म्हणून तार मेलेली आहे असं समजू नका. फिडर (गावाकडे वीज आणणारी मुख्य लाइन) पुन्हा चालू होऊ शकतो, आणि शेजारच्या कुणाचं जनरेटर उलटं लाइनवर चढलेलं असू शकतं. तार दिसली की लांब थांबा, दुसऱ्यांना अडवा, महावितरणला कळवा. ओल्या काठीने बाजूला करायला जाऊ नका. डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, तर फिरकूच नका. गाडीवर तार पडली असेल तर आतच बसून राहा.

ढग गडगडत असताना ठिबकची, विहिरीची मोटर बंद करायला खोलीत जाणारेही बघतो. राहू द्या चालू. मोटर जळाली तर भरून येते.

हिरवी_वेल (चोपडा)

विजेचं निघालंच आहे तर दामिनी ॲप सगळ्यांनी घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं आहे, आजूबाजूला वीज पडण्याची शक्यता दाखवतं. हवामान खात्याचा तीन-तीन तासांचा जिल्हावार इशाराही येतो, यलो, ऑरेंज, रेड अशा रंगात. पण कधी कधी इशारा यायच्या आधीच वारा येतो. असं का?

ढगवाचक

रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकलेली आहे. अडीचशे किलोमीटरवर सगळ्यात खालचा किरणही जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर उंचीवरून जातो. मुंबई आणि नागपूर दोन्हीकडची रडारं आपल्यापासून त्याहून लांब. ढगाचा माथा दिसतो, जमिनीलगत सुटलेला वारा दिसत नाही. म्हणून इशारा बघाच, पण स्वतःचे डोळेही वापरा. उकाडा असताना एकाएकी गार झुळूक लागली, वाऱ्याची दिशा उलटली, क्षितिजावर मातकट भिंत उभी दिसली, तर तुमच्याकडे काही मिनिटंच आहेत. त्या मिनिटांत बाहेरचं सामान आवरायला जाऊ नका. लेकरं-माणसं जवळ असतील तर सोबत घ्या, दावणीची जनावरं जवळ असतील तर सोडवा आणि आत व्हा. जनावर झाडाला किंवा पत्र्याच्या खांबाला बांधलेलं नको. मोकळ्या जागेत सोडलेलं बरं.

दुचाकीवर असाल तर उतरा, गाडी आडवी करा, झाड, खांब आणि होर्डिंग यांच्यापासून लांब पक्की इमारत गाठा. ट्रॅक्टरवर असाल तर उतराच. चारचाकीत असाल आणि सरळ वारा असेल, तर झाडांपासून लांब थांबून, पट्टा बांधून, काचेखाली डोकं वाकवून बसा. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला अशाच धुळीच्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. महामार्गालगत आपल्याकडेही आता तशीच होर्डिंगं उभी राहताहेत.

खरा टोर्नेडो, म्हणजे ढगाला जोडलेली सोंड, दिसला आणि ती डावी-उजवीकडे सरकताना न दिसता फक्त मोठी होत असेल, तर ती तुमच्याकडेच येतेय. जवळ पक्कं घर नसेल तर शेवटचा उपाय म्हणून कोरड्या नालीत किंवा सखल जागेत पालथं पडून मान-डोकं हातांनी झाकायचं.

कापूस_आणि_मी

विम्याचं कुणी सांगेल का?

सातपुडा_पायथा

फळपीक विमा उतरवला असेल तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं. बाग उचलायच्या आधी फोटो काढा, गट नंबर आणि तारीख दिसेल असे. पडलेल्या झाडांच्या दिशांची वही पंचनाम्याच्या वेळी तलाठी आणि कृषी सहाय्यकांसमोर ठेवा. चारी बांधांकडून एकेक आणि मधोमध एक, एवढे फोटो तरी हवेतच.

गिरणाकाठ

शेवटचं विचारतो. घरी मे अखेरीला लग्न आहे, मांडव अंगणातच. संध्याकाळचा मुहूर्त. काय काळजी घेऊ?

वेल्डर_पारोळा

गिरणाकाठ भाऊ, मांडव म्हणजे होडीचं शीडच. वारा सुटला की पाच-दहा जण पाइप धरून उभे राहतात, मांडव वाचवायला. तेवढं कुणाला करू देऊ नका. मांडव उचलला गेला की पाइप आणि माणूस दोन्ही वर जातात, आणि वरून लाइटची वायर गेलेली असते. मांडववाल्याला आधीच सांगा की छत दोरांनी मेखांना बांधा, नुसतं पाइपला नको. बाजूच्या कनाती सुटतील अशा ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. वऱ्हाड आत घेण्यासाठी स्लॅबची घरं, शाळा, समाजमंदिर, जे जवळ असेल ते उघडं ठेवा. स्वयंपाकाचा गॅस मांडवाच्या कापडापासून लांब. आणि जनरेटर बंद करायचं काम एका ठरावीक माणसाकडे सकाळीच द्या, कुणी तरी करेल असं नको.

बोरीकाठची_ताई

भाऊ, जेवणाच्या पंगती पाचच्या आत उरकता आल्या तर बघा. म्हातारी माणसं आणि लहान लेकरं तेवढ्यात घरात जाऊन बसतील.